पाठमोरा रामराम

परभणीहून पोखर्णी जवळ, राणीसावरगाव जरा लांब, आणि ताडकळस तर माझं गावच. एवढ्याशा फिरण्याला प्रवास म्हणतात का, असं आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी मला विचारलं. मी म्हणालो, तीन बंदुका घेऊन एसटीत बसून बघा, मग बोलू. बसायला जागा लगेच मिळते, पण शेजारी कोणी टेकत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं निघालो, मी आणि गफूरभाई. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी कुठंही सांगतो आणि सांगताना लाजत नाही. कॉलेजात परेडीबरोबर गोळीबार शिकलो, प्रमाणपत्र घेतलं, आणि आता परभणीतल्या आमच्या लहानशा रायफल क्लबात नवशिक्यांना मीच शिकवतो. गफूरभाईंचं सायकलचं दुकान आहे. शाळा सातवीत सुटली, पण क्लबातल्या बंदुकांची स्प्रिंग, वॉशर, तेलपाणी सगळं त्यांच्या हातचं. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला 'सर' म्हणतात. मला ते आवडायचं.

बेत असा होता. क्लबाकडं छऱ्याच्या तीन बंदुका होत्या. एकेका गावात एकेक दिवस थांबायचं, मोठ्या बायामाणसांना नेम धरायला शिकवायचं, आणि सगळं नीट झालं तर एकेक बंदूक त्या त्या गावच्या शाळेत कायमची ठेवायची. गावात करमणूक म्हणजे भजन नाहीतर पत्ते. नेमबाजीत पळावं लागत नाही, दांडगाई लागत नाही, म्हातारं माणूसही तरण्याला हरवू शकतं. बेत माझा. क्लबाचे प्रमुख, निवृत्त सुभेदारसाहेब, ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मास्तर, एकच अट. भरलेली बंदूक एकदा जरी माणसाकडं वळली, तर तिन्ही बंदुका परत कपाटात. आणि रोजची डायरी लिहायची, खरीखुरी."

"वळणार नाही साहेब," मी म्हणालो. "मी आहे ना."

पोखर्णी

सकाळीच पोचलो. नरसिंहाच्या देवळाकडं जाणाऱ्या लोकांनी आमच्याकडं पाहून घेतलं आणि पुढं गेले. शाळेमागं मोकळं रान होतं, कापसाची वेचणी चाललेली, तुरी फुलावर आलेल्या. नेमबाजीच्या जागेला आपल्याकडं चांदमारी म्हणतात. ती मांडायची म्हणजे आधी पाठीमागं काय आहे ते बघायचं. तिथल्या गुरुजींनी कौतुकानं शाळेची दगडी भिंत दाखवली. "सर, पक्की हाय. तोफ मारली तरी हालनार न्हाई."

म्हणूनच ती नको होती. दगडावर छर्रा आपटला की उलटा येतो. आम्हाला मऊ पाठ हवी. शेवटी शेताच्या मातीच्या बांधाला वाळूची पोती लावली, पोत्यांपुढं पुठ्ठे टांगले, आणि पुठ्ठ्यांवर गफूरभाईंनी तव्याच्या काजळीनं काळी वर्तुळं काढली. तिथून तेहतीस फूट मोजून चुन्याची रेघ मारली. रेघेमागं एक दोरी ताणली. बघणाऱ्यांनी दोरीच्या आत यायचं नाही.

ज्यांनी जत्रेत फुगे फोडले आहेत त्यांना वाटतं हे खेळणं आहे. यात दारू नाही, धूर नाही, स्प्रिंगच्या जोरावर हवा छर्रा ढकलते, एवढंच. पण एवढ्यावर डोळा जातो. म्हणून मी पहिला अर्धा तास बंदुकीला कोणाला हातच लावू देत नाही. बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. तिचं तोंड पुठ्ठ्याकडं, नाहीतर जमिनीकडं. नेम धरेपर्यंत बोट घोड्याच्या बाहेर. शिट्टी झाल्याशिवाय पुठ्ठा बघायला कोणी पुढं जायचं नाही. आणि काही वाकडं दिसलं तर 'थांबा' म्हणून ओरडायचं. हे कोणीही ओरडू शकतं. ओरडलं की सगळ्यांनी बंदुका खाली ठेवायच्या, आणि कारण मागून विचारायचं. ज्याची नळी माणसाकडं वळली त्यानं त्या दिवशी दोरीच्या बाहेर बसायचं.

सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवण्यात आपला जिल्हा मागं नाही.

मग तिघांना रेघेवर उभं केलं. बंदुका रिकाम्या होत्या, नुसतं उभं राहणं शिकवत होतो. तेवढ्यात मागून मोठे गुरुजी आले, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. "रामराम मंडळी!" म्हणाले. आणि तिघंही, खांद्याला बंदूक लावलेल्या अवस्थेत, गर्रकन मागं फिरले. "रामराम गुरुजी!" तीन नळ्या मोठ्या गुरुजींच्या छातीवर.

मोठे गुरुजी जागीच बसले.

कॉलेजात शिकवताना आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण शहरात मागून कोणी आलं तर कोणी बघतही नाही. खेड्यात मोठा माणूस आला आणि तुम्ही तोंड फिरवून रामराम घातला नाही, तर तो अपमान. पोटात दुखत असलं तरी माणूस वळतो. मला त्या तिघांना रागवता येईना, दोरीबाहेर बसवता येईना. मी तिथंच नवा कायदा केला : रेघेवर उभं असताना कोणीही येवो, तोंड पुठ्ठ्याकडं ठेवूनच रामराम घालायचा. पाठमोरा.

"आन् देव आला तर?" एकानं विचारलं.

"देवालाही पाठमोराच."

"नरसिंह हाय सर, खवळला तर?" सगळे हसले. मग मोठ्या गुरुजींनी स्वतःच तालीम करून घेतली. चार वेळा मागून आले, आणि चारही वेळा लोकांनी त्यांना पाठ दाखवून रामराम घातला. लोकांना ते इतकं आवडलं की जेवायच्या सुट्टीतही चाललं होतं.

त्या तिघांत विठ्ठल नावाचे शिंपी होते, चाळिशीचे, शिडशिडीत. छर्रे वाटले तसे त्यांनी पाच-सहा छर्रे सरळ तोंडात टाकले आणि ओठांत धरून एकेक काढायला लागले. गुंड्या आणि टाचण्या ते तसेच धरतात. हात रिकामे राहतात ना! मी ओरडणार तेवढ्यात गफूरभाईंनी त्यांच्या हनुवटीखाली ओंजळ धरली.

"थुका, थुका. शिशाचं हाय ते. हळूहळू विष होतंय पोटात."

"मग ठेवू कुठं? हात दोनच हायती."

गफूरभाईंनी काड्यापेटीचं रिकामं खोकं काढून दिलं. तेव्हापासून सगळ्यांना छर्रे खोक्यात, आणि जेवायच्या आधी राखेनं हात धुणं सक्तीचं. अंबाडीची भाजी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. राखेनं घासलेल्या हातांनी जेवलो.

नेम मात्र विठ्ठल शिंप्यांचाच. मागची खाच, पुढची माशी आणि काळं वर्तुळ एका रेषेत आणायचं आणि श्वास अर्धा सोडून थांबायचं, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "सुईत दोरा ववतानी आमी तेच करताव की." पाचांपैकी चार काळ्यात. पाचवा शेजारच्याच्या पुठ्ठ्यावर. शेजाऱ्यानं तो आपला म्हणून सांगितला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

डायरीत मी तीन नळ्यांची हकिगत लिहिली, आणि पुढं लिहिलं : रिकाम्या होत्या. ते खरंच होतं.

राणीसावरगाव

गंगाखेडपर्यंत रेल्वे, पुढं बस. इकडं काळी जमीन सरते, खडक वर येतो आणि टेकड्या सुरू होतात. रानडुकरं फार. म्हणून इथं दोन-तीन घरांत परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत, आणि त्यातली एक धोंडिबा आजोबांची. सत्तरी ओलांडलेले, मिशा अजून भरघोस. आमचा मुक्काम त्यांच्याकडंच होता. आमच्या बंदुका त्यांनी आदरानं घरात घेतल्या आणि स्वतःच्या बंदुकीशेजारी देव्हाऱ्यापाशी उभ्या केल्या.

सकाळी उठून बघतो तर तिन्ही बंदुकांना हळदकुंकू, फुलं, समोर फोडलेला नारळ. मी बौद्ध घरातला. पूजाअर्चा आमच्याकडं वडिलांच्या वेळेपासून बंद आहे. पण घरच्या माणसानं पाहुण्याच्या वस्तूचा मान केला, तर तोंड वाकडं करणं बरं नव्हे. मी धन्यवाद म्हणालो. गफूरभाईंनी मात्र एकेक बंदूक उचलली, नळी मोडली, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवली, उजेडाकडं धरली आणि आतून बघितलं.

"बाबा," ते म्हणाले, "अक्षता कुठं कुठं टाकल्या?"

"तोंडावर टाकल्या की. तोंड म्हंजी मुख्य जागा."

दोन नळ्यांतून तांदूळ निघाले, ओल्या कुंकवानं चिकटलेले. तारेला चिंधी बांधून गफूरभाई बराच वेळ ओढत बसले. नळीत असं काही अडकलं असताना छर्रा सोडला तर तो कुठं जाईल याचा नेम नाही, शिवाय स्प्रिंगची वाट लागते. धोंडिबा आजोबा उकिडवे बसून हे बघत होते. वाईट वाटलं असावं. मग म्हणाले, "म्हंजी माझी बंदूक दर दसऱ्याला अशीच भरती म्हना की."

"आतून बघता का कधी?" मी विचारलं.

"देवाच्या तोंडात कोन बघतंय?"

त्यांची स्वतःची बंदूकही आम्ही त्या सकाळी साफ केली. काय काय निघालं ते लिहीत नाही. तेव्हापासून मी नवशिक्यांना सांगतो की पूजा करायची असेल तर दस्त्याची करा, नळीची नको.

चांदमारीवर आजोबांची वेगळीच अडचण झाली. पन्नास वर्षं ठासणीची बंदूक उडवलेली. तिचा धक्का खांदा हलवून टाकतो, आवाजानं कान बसतात. त्यामुळं घोडा दाबायच्या आधीच ते दोन्ही डोळे मिटायचे, दात आवळायचे, अंग ताठ करायचे. आणि आमची बंदूक करायची 'फट्'. छर्रा पोत्यापलीकडं बांधात.

"हे काय," ते म्हणाले, "हिला खोकला झालाय का?"

मी त्यांना सांगितलं, "बाबा, छर्रा मारायचा आहे हे विसरा. पुठ्ठ्याला भोक कसं पडतं तेवढं डोळे उघडे ठेवून बघा." पाच वेळा जमलं नाही. सहाव्या वेळी डोळे उघडे राहिले आणि भोक वर्तुळाच्या कडेला पडलं. आजोबांनी बंदूक खाली ठेवली, नळी पुढं, बोट बाहेर, सगळं कायद्यानं, आणि मग नाचले. पन्नास वर्षांत आपली गोळी लागताना त्यांनी पहिल्यांदा बघितली होती.

बंदूक माणसाकडं एकदाही वळली नाही. डायरीत तसं लिहिलं. जेवायला धपाटे आणि दही.

ताडकळस

ताडकळसला मी गुरुजी म्हणून पहिल्यांदाच जात होतो, आणि खरं सांगतो, इस्त्रीचा सदरा मी या दिवसासाठी राखून ठेवला होता. गावात एसटी थांबते तिथं बा उभा होता. माझा बाप. त्यानं जन्मभर पाटलांच्या शेतात सालगडी म्हणून सालं काढली. मला शिकवलं ते उचलीच्या कागदावर उठवलेल्या त्याच्या अंगठ्यावर. "चल," एवढंच म्हणाला आणि गफूरभाईंच्या हातातली पिशवी घेतली.

चांदमारी ओढ्याच्या काठाला मांडली. मागं उंच दरड, मऊ माती, इतकी चांगली जागा तिन्ही गावांत कुठं नव्हती. सगळ्या वस्त्यांतले लोक आले. बाया दोरीमागं एका बाजूला बसल्या, आणि त्यांच्या पुढं गयावहिनी. माझ्या चुलतभावाची बायको. टोळीबरोबर ऊस तोडायला जाते. या वर्षीची टोळी आठ दिवसांनी निघायची होती. मी लहान होतो तेव्हापासून ती मला चिडवायचं सोडत नाही.

"भावजी, सदरा लय कडक हाय. वाकता तरी येतंय का?"

"वहिनी, आधी ऐकून घ्या."

"ऐकायलेच की. बी.ए.चं कोन न्हाई ऐकनार."

शिकवणी सुरू झाली. 'थांबा' कोणीही म्हणू शकतं, हे सांगितल्यावर बायांना तेच सगळ्यांत आवडलं. शेळी आली, "थांबा!" कुत्रं आलं, "थांबा!" कोंबडी दोरीखालून गेली, पाच जणी एकदम, "थांबा!" पुरुष वैतागले. दर वेळी बंदूक खाली ठेवायची आणि परत उचलायची. गफूरभाई म्हणाले, "वैतागू नका. ओरडू द्या. ओरडायची सवय लागू द्या." मला वाटलं जरा जास्तच होतंय, पण चालू दिलं.

गयावहिनीचा हात मी बघितला तेव्हा माझं मास्तरपण जागं झालं. कोयत्यानं मनगट असं झालं होतं की बंदूक तिच्या हातात हलेचना. पाच छर्रे मारले. पुठ्ठा आणून बघितलं तर पाचही भोकं आठ आण्याच्या नाण्याखाली झाकतील एवढ्यात. मला स्वतःला क्लबात असं महिन्यातून एखादवेळी जमतं.

"असं कसं केलंत?" मी विचारलं.

"पुठ्ठा पळतोय थोडाच. ऊस तरी वाऱ्यानं हालतोय."

मग दुसरी तुकडी रेघेवर आली. तिघंजण बंदुका खाली ठेवून उभे. मी त्यांतली एक उचलली, छर्रा घातला, नळी मिटवली आणि खांद्याला कशी लावायची ते दाखवायला पुठ्ठ्याकडं तोंड करून उभा राहिलो. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"काय रे किसन्या, बंदूक शिकवायलास म्हनं गावाला?"

आमच्या गावचे पाटील. म्हातारे झालेत, काठीवर चालतात. आवाज मात्र तोच.

आणि मी वळलो. आधी पाय, मग कंबर, मग हातातली भरलेली बंदूक. नळी दोरीमागं बसलेल्या बायांवरून फिरत गेली आणि पाटलांच्या बाजूला, म्हणजे जिथं माझा बापही होता, तिथं थांबली. माझ्या तोंडून "रामराम पाटील" निघूनही गेला होता.

"थांबा!"

गयावहिनी. शेळीसाठी ओरडायची तशी नाही. रानात कोयता कोणाच्या पायावर येत असेल तर ओरडतात तशी.

रेघेवरचे तिघं होते तिथं थिजले, हात वर. मी तसाच उभा.

"भावजी, नळी! नळी खाली!"

गफूरभाई केव्हा आले कळलं नाही. त्यांनी तळहातानं नळी जमिनीकडं दाबली, म्हणाले, "सर, द्या," आणि बंदूक घेतली. पुठ्ठ्याकडं तोंड केलं, छर्रा वाळूच्या पोत्यात सोडून ती रिकामी केली, नळी मोडून खाली ठेवली.  माझं बोट घोड्याबाहेर होतं. पण त्यानं काही फरक पडत नाही, हे मीच सकाळी सांगितलं होतं.

 पाटीलच म्हणाले, "अगं, मास्तर हाय तो. चुकून झालं. चालू द्या."

"चुकूनच व्हतंय की पाटील," गयावहिनी म्हणाली. "मुद्दाम कोन करतंय? ज्याची वळली त्यानं भाईर बसायचं, असं ठरलंय."

"त्यानंच ठरवलं, आन् त्यालाच?"

"मंग?"

पाटलांसमोर आमच्या वस्तीतल्या बाईनं 'मंग?' असं म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. तिलाही आपण काय बोललो ते मागून कळलं असावं. तिनं पदर पुढं घेतला, पण मागं सरकली नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. मी शिट्टी गळ्यातून काढली, गफूरभाईंच्या हातात दिली आणि दोरीखालून वाकून बाहेर गेलो. इस्त्रीच्या सदऱ्यात वाकता येतं, एवढं कळलं.

बापाशेजारी जाऊन बसलो. तो पुठ्ठ्यांकडं बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "त्येंचा आवाज आला तवा मीबी उठून उभा राह्यलो व्हतो."

 पाटील दिसले की हातातलं काम टाकून, वळून, वाकून उभं राहायचं, हे मी बापाला करताना लहानपणापासून बघितलं. कॉलेजात गेल्यावर मी ठरवलं होतं की आपण असं करायचं नाही. रामराम घालू, पण आपल्या सवडीनं. ठरवलं होतं ते डोक्यानं. कंबरेला ते कोणी सांगितलं नव्हतं. पोखर्णीच्या तिघांना मी हसलो नव्हतो, पण मनातून त्यांना अडाणी समजलो होतो, हे इथं लिहून ठेवतो.

उरलेला दिवस गफूरभाईंनी चालवला. मी दहा वाक्यांत सांगतो ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. "नळी पुढं. घाई न्हाई." एवढ्यावर तीस माणसं नेम मारून गेली. दुपारी पाटलांनाही हौस आली. रांगेत उभे राहिले, नंबर लागला तशी काठी बाजूला ठेवून त्यांनी बंदूक घेतली. मागून गावच्या शाळेचे गुरुजी आले आणि रामराम म्हणाले. पाटलांची मान वळायला लागली.

"पुठ्ठ्याकडं बघूनच बोला पाटील," दोरीमागून गयावहिनी.

पाटील पुठ्ठ्याकडं बघूनच रामराम म्हणाले. मग एक छर्रा काळ्यात मारला आणि दिवसभर तेवढंच सांगत सुटले.

संध्याकाळी घरी भाकरी आणि पिठलं होतं. गावच्या गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "सर, डायरीत कशाला लिहायलाव? झालं तर काही न्हाई. तुमच्या एका वळन्यापायी गावाची बंदूक जाईल. बाया किती खूश हायती बघा की."

मला पटलं. खोटं सांगत नाही, पटलं. गावासाठी गप्प बसतोय असं म्हणून माझी लाजही झाकली गेली असती. मी गफूरभाईंना विचारलं. ते नळीला तेल देत होते.

"लिहायचं तुमचं काम, सर. मी आपनहून काही बोलनार न्हाई. साहेबांनी विचारलं तर खोटंबी बोलनार न्हाई."

घरातून बाहेर पडलो तर ओट्यावर गयावहिनी आणि दोघी-तिघी बसल्या होत्या. त्यांच्यात वाद चालला होता की बंदूक गावात आली तर पाळ्या कशा लावायच्या, आणि टोळी परत येईपर्यंत तिचा नंबर राखून ठेवायचा का नाही. मला बघून ती उठली. मग म्हणाली, "भावजी, माझ्या वरडन्यानं बंदूक जायची न्हाई ना?"

तिला सुभेदारसाहेबांची अट गुरुजींकडून कळली होती. दुपारपासून ती बिचारी याच धाकात होती की आपण ओरडलो म्हणून गावाचं नुकसान झालं.

"तुमच्या ओरडण्यानं नाही," मी म्हणालो. "गेली तर माझ्या वळण्यानं जाईल."

घरात जाऊन डायरी काढली आणि लिहिलं. भरलेली होती, बायांवरून फिरली, पाटलांपाशी थांबली, हातात माझ्या होती. कोणी थांबवलं तेही लिहिलं.

परभणी

सुभेदारसाहेबांनी डायरी दोनदा वाचली. ताडकळसचं पान तीनदा. चष्मा काढला आणि गफूरभाईंकडं बघितलं. गफूरभाई म्हणाले, "हौ साहेब, असंच झालं."

"मास्तर," साहेब मला म्हणाले, "वर्षभर तुम्ही कोणाला शिकवणार नाही. क्लबातही नाही, गावातही नाही. पुठ्ठे चिकटवा, गुण मोजा. शिट्टी गफूरकडं."

मी हो म्हणालो. सोपं गेलं नाही.

"आणि अट म्हणजे अट. बंदुका कपाटात." त्यांनी डायरी मिटवली. परत उघडली. "ही बाई कोण? हिला माहीत होतं का तुम्ही कोण ते?"

"माझी वहिनी आहे साहेब. ऊस तोडते."

"आणि समोर गावचा पाटील होता?"

"होता."

साहेबांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले की नळी आयुष्यात एकदा सगळ्यांची वळते, पलटणीत त्यांचीही वळली होती, आणि त्या वेळी हवालदारापुढं तोंड उघडायची कोणाची छाती झाली नव्हती. "पोखर्णीला नळ्या वळल्या तरी कोणी 'थांबा' म्हटलं नाही. राणीसावरगावला वेळच आली नाही. त्यांच्या दोन कपाटात राहतील, पुढच्या फेरीपर्यंत. ताडकळसला एक द्या. पण ती त्या बाईच्या नावावर. ती असल्याशिवाय, किंवा तिनं नेमलेलं माणूस असल्याशिवाय, चांदमारी भरायची नाही. तिला तसं कळवा."

पोखर्णीच्या मोठ्या गुरुजींना आणि धोंडिबा आजोबांना मीच जाऊन सांगितलं, आणि कारणही सांगितलं. विठ्ठल शिंपी म्हणाले, "सर, आमी वळलो तवा तुमी लय हसला नव्हता, म्हनून आमीबी हसत न्हाई." मग हसले.

गयावहिनीची टोळी तोवर निघून गेली होती. कुठल्या कारखान्याच्या फडात आहे ते बानं मुकादमाच्या घरून विचारून घेतलं. मी पत्र लिहायला बसलो. तिला वाचता येत नाही. मुकादम सगळ्या टोळीची पत्रं संध्याकाळी कोप्यांपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपुढं, बसून मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि आमच्या गावची वीसेक माणसं चुली सोडून ऐकायला येतात. त्यातले निम्मे मी उघडा हिंडत होतो तेव्हापासून मला ओळखतात, आणि उरलेल्यांना मी बी.ए. झालो म्हणून अभिमान आहे.

दोन ओळींत भागलं असतं : बंदूक मिळाली, तुमच्या नावावर आहे, कोणाला नेमता ते कळवा. त्या दोन ओळी लिहून झाल्या. मग कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला, मुकादमाला अडखळायला होऊ नये म्हणून मोठ्या अक्षरात, सुरुवातीपासून सगळं, माझ्या वळण्यासकट, लिहिलं.